भोरड्या निघाल्या, त्याची बातमी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी थंडी पडली की आपल्या अंकात हिप्परगा तलावावरच्या पक्ष्यांचा एक फोटो येतो, वर मथळा 'परदेशी पाहुण्यांचे आगमन'. वाचून बरं वाटतं. पण इतकी वर्षं अंक चाळतोय, हे पाहुणे परत निघाल्याची बातमी काही सापडलेली नाही. गड्ड्याची जत्रा उरकली की शहरातल्या दुर्बिणीही कपाटात जातात. फेब्रुवारीनंतर आपल्याकडे ऊन चटकायला लागतं हे मान्य, पण खरी मजा तेव्हाच सुरू होते.

मैनेच्या कुळातल्या भोरड्यांचंच घ्या. दिवाळीत दिसलेली भोरडी म्हणजे मळकट, बिनइस्त्रीची. तीच मार्चअखेरीला पाहा. डोकं, गळा काळाभोर, तुरा मानेवर ओघळलेला, पाठ आणि पोट गुलाबी. नवी पिसं आलेली नसतात. थंडीतल्या पिसांच्या फिकट कडा झिजून जातात आणि खालचा रंग उघडा पडतो, एवढंच. परवा सकाळी आमच्या घरामागच्या पांगाऱ्यावर एक जण फुलात पार डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून बसला होता. मान वर काढली तर काळ्या कपाळावर परागांची पूड, भंडारा लावल्यासारखी. दुर्बिणीची गरजच पडली नाही.

या दिवसांत त्यांची निघायची घाई असते. मध्य आशियातल्या गवताळ मुलखात मे-जूनला नाकतोड्यांचा सुकाळ होतो, त्या बेतानं तिथं यांच्या वसाहती बसतात आणि पिलं वाढतात. जुलै-ऑगस्टपासून थवे पुन्हा भारतात उतरू लागतात. वर्षातले आठ-नऊ महिने मुक्काम या देशात आणि बाळंतपणापुरतं माहेर तिकडं. यांना पाहुणे म्हणायचं की सासरी नांदणाऱ्या, तुम्हीच ठरवा.

माझे वडील मंगळवेढ्याकडच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफणीनं भोरड्या हुसकायचे. मालदांडीची कणसं दुधात आली की थवा उतरलाच समजा. शिव्याही मनापासून द्यायचे. याच भोरड्या रानातले नाकतोडे आणि अळ्या वेचतात हे त्यांना ठाऊक होतं, पण कबूल करायचे ते सुगी संपल्यावर.

बाकीच्यांचीही हीच वेळ. तलावाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडतो, त्यामुळं तुतवार, शेकाटे काठावरूनही नीट दिसतात. पिवळा धोबी या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडं जातात. नान्नजच्या माळावरून भोवत्या हा शिकारी पक्षी कधी गेला, हे तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता तक्रार. शहराजवळच्या एका तलावाच्या काठी बाभळींची दाट रांग होती. संध्याकाळी भोरड्या तिथं उतरायच्या, कलकलाट एवढा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. मागल्या वर्षी होळीच्या सुमारास सुशोभीकरणाच्या नावाखाली ती रांग जेसीबीनं काढली. तिन्हीसांजेला थवा आला, त्या जागेवर तीन-चार घिरट्या घातल्या आणि अंधार पडता पडता विजेच्या तारांवर बसला. बाभूळ काढायचीच असेल तर मे महिन्यात काढा. ऐन निघायच्या तोंडावर रात्रीचा आसरा कशाला मोडायचा?

आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, तो नेमका आगमनाच्या दिवसांत येतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण फाल्गुन-चैत्रातला एखादा रविवार आपल्या शाळांना जमण्यासारखा आहे. आणि आपण अंकात एक छोटी चौकट दिलीत, कुणाला कुठला पक्षी शेवटचा कधी दिसला एवढीच, तर वाचक तारखा नक्की कळवतील.

सुरुवात मीच करतो. माझ्या वहीत मागल्या वर्षीच्या शेवटच्या भोरड्यांची नोंद १४ एप्रिलची आहे, सात पक्षी, तारेवर. यंदाची ओळ अजून कोरी आहे. काल संध्याकाळपर्यंत थवे होते.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर