मुलांकडे परदेशी येताय? मग लायब्ररीत चक्कर मारा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात मुलांकडे परदेशात राहून आलेल्या आईवडलांची पत्रं अधूनमधून येतात, घर मस्त, हवा मस्त, पण दिवस जाता जात नाही, मुलगा-सून ऑफिसला आणि आपण खिडकीत. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, इथेही दर उन्हाळ्यात असे काका-काकू भेटतात आणि त्यातले कितीतरी बँकेतून नाहीतर शाळेतून रिटायर झालेले, कॉम्प्युटर कोळून प्यायलेले. हे पत्र त्यांच्यासाठी.

इथे बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांत कॉम्प्युटर फुकट वापरता येतात, आणि ज्यांनी की-बोर्डला कधी हात लावला नाही त्यांना शिकवायला व्हॉलंटियर लागतात. मीही जाते. इंग्लंडमध्ये असे लोक कुठून आले म्हणाल, तर आमच्याकडे होजियरीच्या कारखान्यात जन्म काढलेले गोरे आजोबा येतात, आणि १९७२ ला इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर इथे आलेल्या गुजराती बायका येतात, शिलाई मशीन डोळे मिटून चालवतील पण माऊस बघून घाबरतात. हौस म्हणून कोणीच येत नाही हो. युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा सरकारी भत्ता २०१३ ला सुरू झाला, त्याचा अर्ज ऑनलाइन, नंतरचे निरोपही ऑनलाइन जर्नलमध्ये, ते वेळेत बघितले नाहीत तर पैसे अडकू शकतात. आता व्हिसापण तसाच. आधी बीआरपी नावाचं, इथे राहण्याच्या परवानगीचं प्लॅस्टिकचं कार्ड असायचं, बहुतेकांच्या कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि ई-व्हिसा आला, म्हणजे ईमेल हवा, मोबाइल हवा, बऱ्याच जणांना ॲपमधून चेहरा स्कॅन करायला हवा. आता जिचा ईमेल मुलाने कधीकाळी काढून दिलाय आणि पासवर्ड मुलालाही आठवत नाही, तिने काय करायचं?

शिकवायला येणारी आपली माणसं हुशार, आणि घोळ तिथेच होतो. आल्या आल्या सिलॅबस काढतात, हा सीपीयू, हा मॉनिटर, एमएस-सीआयटीची परीक्षाच घ्यायची आहे जणू. नाहीतर समोरच्याला दोन मिनिटं लागली की माऊस हिसकून स्वतःच फॉर्म भरून मोकळे. अहो, मग ती बाई पुढच्या आठवड्यात परत तुमच्याच दारात! मी तर हात मागे बांधून उभी राहते, खरंच.

पहिला तास नुसता माऊसवर जातो. कोणी तो टीव्हीच्या रिमोटसारखा स्क्रीनकडे धरतं, कोणाचा टेबलाच्या कडेपर्यंत जातो आणि तिथेच अडकतात, उचलून परत मधे ठेवायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. डबल क्लिक जमत नाही कारण दोन क्लिकच्या मधे हात हलतो, त्यांना म्हणायचं एकदाच क्लिक करा आणि एंटर दाबा, झालं काम. मग सॉलिटेअर लावून द्यायचं. १९९० च्या विंडोज ३.० पासून तो पत्त्यांचा खेळ कॉम्प्युटरवर आहे आणि पत्ता धरून ओढण्याची त्याच्याइतकी चांगली प्रॅक्टिस मला तरी माहीत नाही. आणि एक, त्यांचा पासवर्ड आपण टाईप करायचा नाही, बघायचाही नाही, बँकेचा तर नाहीच, त्यांनी प्रेमाने दिला तरी.

व्हिजिटर व्हिसावर हे चालतं का असं सगळे विचारतात. चालतं, पण नियम आहे, रजिस्टर्ड चॅरिटीसाठीच, एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त नाही, पैसे घ्यायचे नाहीत, आणि येण्याचं मुख्य कारण ते नसावं, ते तर नातवंडंच असतात. लायब्ररी काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची असेल तर ती यात बसते का ते आधी विचारून घ्या, नाहीतर एज यूकेसारख्या ज्येष्ठांच्या चॅरिटीकडे चौकशी करा. काही ठिकाणी पोलीस रेकॉर्डची तपासणी करतात, त्याला वेळ लागतो, म्हणून उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात जा.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नका, आमच्याकडे निम्मा वेळ मोडकं गुजराती आणि हिंदीच चालतं. फक्त मुलाला विचारत बसू नका, तो म्हणणार कशाला उगीच आई, सरळ काउंटरवर जाऊन विचारा.

- एक वाचक, लेस्टर