सवलत मिळाली, वाचायला कोणी शिकवायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असाव्यात, की त्यांना सर्वांबरोबर एकाच वर्गात बसवावे, हा वाद अधूनमधून उफाळून येतो. विशेष शिक्षिका म्हणून या मुलांबरोबर बरीच वर्षे काढल्यावर मला असे दिसते, की दोन्ही बाजू मुलाने कुठे बसावे याचीच चर्चा करतात. तिथे बसल्यावर रोज त्याला नेमके काय शिकवले जाते, हे फारसे कोणी विचारत नाही.

डिस्लेक्सियाचे, म्हणजे हुशार मुलालाही अक्षरे-शब्द वाचणे अवघड जाण्याचे, निदान झाले, की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती मिळतात. त्या न्याय्यच आहेत आणि त्यांना नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण सवलत म्हणजे शिकवणे नव्हे. अक्षरच न लागणाऱ्या मुलाला वीस मिनिटे जास्त दिली, तर न लागणाऱ्या अक्षराकडे तो वीस मिनिटे जास्त पाहत बसतो. ‘परीक्षेत बाई वाचून दाखवतात, पण बसची पाटी मलाच वाचायची असते ना?’ असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते.

ही अडचण नवी नाही. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ मध्ये अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. सगळे शिक्षण तोंडी असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्यांनी नोंदवले आहे. पुढे अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी ध्वनी व अक्षर यांचा संबंध पायरीपायरीने, उघडपणे समजावून सांगणारी आणि भरपूर सराव करून घेणारी पद्धत रचली. या मुलांना बहुधा बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणे अवघड जाते; म्हणून ‘रोज एक पान वाच, आपोआप जमेल’ हा सल्ला त्यांना लागू पडत नाही. या पद्धतीतल्या वाळूत अक्षरे गिरवण्याचे कौतुक मला थोडे अतीच वाटते. खरे काम शिकवण्याचा क्रम आणि सातत्य करतात.

लिपीप्रमाणे अडचणीचे रूपही पालटते. फिनिशसारख्या भाषेत, जिथे लिहिले तसेच वाचले जाते, तिथे अशी मुले चुकीचे वाचण्यापेक्षा फार सावकाश वाचतात. देवनागरीही बरीचशी तशीच आहे, पण तिचे स्वतःचे खाचखळगे आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो. ‘सूर्य’मधला र आधी ऐकू येतो आणि रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. इंग्रजीसाठी तयार झालेला सरावसंच भाषांतरित करून हे शिकवता येणार नाही.

याहून दुर्लक्षित गट आहे तो बोलभाषेतच अडचण असलेल्या मुलांचा. भाषा विकास विकार हे नाव तज्ज्ञांमध्ये २०१७ च्या सुमारास रुळले. सुमारे सात टक्के मुलांमध्ये तो आढळतो, म्हणजे तीसजणांच्या वर्गात दोघे. यांतली काही मुले धडा घडाघडा वाचतात, त्यामुळे वाचनाच्या चाचणीत सापडत नाहीत. वाचले काय, ते विचारले की गप्प होतात. ‘वही काढा, तारीख घाला आणि कालचा तिसरा प्रश्न पुन्हा लिहा’ ही सूचना कानावर पडताच ती शेजाऱ्याकडे पाहतात आणि तो करील तसे करतात. दंगा करत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत. आळशी किंवा घुमे असा शिक्का मात्र सहज बसतो.

विशेष शाळेचे खरे बळ इथे आहे. वर्ग लहान असतो, वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ वर्गात येऊन शिक्षकांबरोबर पाठ आखतात, आणि विज्ञानाच्या तासालाही सूचना तुकड्यातुकड्याने दिली जाते, नवा शब्द आधी उलगडला जातो. आठवड्यातून एकदा अर्धा तास वर्गाबाहेर बोलावून हे साधत नाही. पण नुसती पाटी ‘विशेष’ असून भागत नाही. अभ्यासक्रम पातळ करून मुलांना वर्षानुवर्षे चित्रे रंगवायला लावणाऱ्या शाळाही मी पाहिल्या आहेत. अशा शाळेतून नेहमीच्या वर्गात परतायची वाट पहिल्या दिवसापासून आखलेली नसेल, तर तिथे गेलेले मूल तिथेच राहते.

म्हणून सवलतीच्या प्रमाणपत्राबरोबरच शिकवण्याचा लेखी आराखडा देणे शाळांना बंधनकारक असावे: कोणते कौशल्य, आठवड्यातून किती तास, कोण शिकवणार आणि प्रगती कधी तपासणार. शाळा नेहमीची असो वा विशेष, पालकांनी प्रवेश घेताना हाच कागद मागावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका