लेखी दिलास का?

चि. प्राजक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास, म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर चढत नाही, असं तुझी आई म्हणते. मला एवढंच विचारायचं होतं, प्रशिक्षकपदाचा राजीनामा तोंडी दिलास की लेखी? तोंडी असेल तर काही बिघडलेलं नाही, सोमवारी नेहमीसारखं मैदानावर जायचं.

मॅच हरली म्हणून मुलींच्या देखत ते गृहस्थ तुला तसं बोलले, हे वाईटच. मी तिथं असतो तर काय झालं असतं हे तुला माहीत आहे. पण फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जातो.

आणि झॉफचा दाखला तू मला देतेस? अगं, इटलीचा गोलकीपर दीनो झॉफ तुला सांगितला कोणी? चौदाव्या वर्षी उंची कमी म्हणून युव्हेंटस आणि इंटर या क्लबांनी त्याला परत पाठवलं, मग आजीनं अंडी खाऊ घालून वाढवला, हे मार्केट यार्डातून येताना सायकलवर मीच सांगायचो. तुला निवड चाचणीत उंचीवरनं काढलं तेव्हा आपल्या आजीनं मागच्या अंगणात शेगडी मांडली. जिच्या स्वयंपाकघरात अंड्याचं टरफल चालत नव्हतं, ती. पातेलं वेगळं, चमचा वेगळा, आणि तू खाताना ती तोंड फिरवून बसायची.

हळदीचे सौदे उरकले की गोदामापुढं आपण खेळायचो. तुझे पहिले ग्लोव्हज मी पोत्यांवर ठेवले ते कायमचे पिवळे झाले. कोल्हापूरला पेनल्टी अडवलीस तेव्हा लोक त्या पिवळ्या हातांकडे बोट दाखवत होते. माझ्या शेजारच्याला मी सांगितलं नाही की ही माझी मुलगी. आवाजच फुटेना.

असो. झॉफचं बोलत होतो. सेरी आ, म्हणजे इटलीच्या वरच्या लीगमधल्या पहिल्याच मॅचमध्ये त्यानं पाच गोल खाल्ले, म्हणून घरी नाही गेला. 1982 ला चाळिसाव्या वर्षी कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप उचलला. प्रशिक्षक झाल्यावर 1990 साली युव्हेंटसला यूएफा कप आणि कोपा इटालिया दोन्ही जिंकून दिले, तरी त्यांनी त्याला काढलंच. ही नोकरीच अशी. गोलकीपरनं गोल खाल्ला तर जाळीतला बॉल काढून पुढं द्यायचा असतो, पाठ फिरवून जायचं नसतं... हे भाषण झालं. सोड. रागावू नकोस.

तू म्हणणार, त्यानंही राजीनामा दिलाच की. दिला. 2000 ची युरो फायनल, रॉटरडॅम, समोर फ्रान्स. हा इटलीचा प्रशिक्षक. इटली एक गोलनं पुढं, नव्वद मिनिटं संपल्यावर भरपाईच्या वेळेत विल्टोर्डनं बरोबरी केली आणि मग जादा वेळेत त्रेझगेचा गोल्डन गोल, तो झाला की मॅच तिथंच संपायची. तिथला पुढारी बर्लुस्कोनीनं जाहीरपणे नावं ठेवली, झिदानला मोकळा सोडला म्हणून. झॉफ भांडला नाही, पद सोडून मोकळा झाला. खरं सांगू? मला तेव्हा तो फार आवडला होता. चार दिवस यार्डात त्याच्याबद्दलच बोलत होतो, दिवाणजी कंटाळले. पण पुढच्या जानेवारीत लाझिओ क्लबनं त्याला परत बोलावलं. तिथं तो आधी प्रशिक्षक होता, अध्यक्षही होता. तुला कोण बोलावणार? दुसरीकडं शब्द टाकला आहेस का? मेल पाठवला असशील तर परत घेता येतो का बघ. येत नसेल तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही. म्हणेन, पण थोडं.

तुझी आई म्हणते पोरगी तुमच्यावरच गेली आहे. हे ती कौतुकानं म्हणत नाही.

आत्याला अजून कळवलेलं नाही. तिचा फोन आला तर परीक्षा आहेत म्हणून सराव बंद आहे असं सांग. शेजारचा संतोष रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर भडंग पाठवतोय. डबा परत दे, मागचे दोन तिकडंच आहेत.

तुझा,
अप्पा