‘१०० टक्के कंपोस्टेबल’ झाकण आठ महिन्यांनीही जसेच्या तसे: एक तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘कंपोस्टेबल’ छापलेले डबे व झाकणे न कुजल्याबद्दल आणि त्यावरील अपुऱ्या, दिशाभूल करणाऱ्या मजकुराबद्दल

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

गेले वर्षभर मी आपल्याकडून आठवड्यातून दोनदा तयार जेवण मागवते. चवीबद्दल आणि वेळेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती डब्याबद्दल, आणि ज्या शब्दांवर भरवसा ठेवून मी आपल्याकडे आले त्या शब्दांबद्दल. झाकणावर हिरवे पान आहे आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के कंपोस्टेबल, पृथ्वीस्नेही’ असे लिहिले आहे. डबा कशाचा, झाकण कशाचे, ते कुठे कुजते आणि किती दिवसांत, याबद्दल अवाक्षर नाही.

मी घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करते. आठ महिन्यांपूर्वी आपले सहा डबे धुऊन, कात्रीने दोन-दोन बोटांचे तुकडे करून पिंपात टाकले. सुका पाला, बेताचा ओलावा, दर आठवड्याला वर-खाली करणे, सगळे नेहमीसारखेच. गेल्या रविवारी खत चाळायला घेतले. साली, देठ, पाला यांची काळी भुसभुशीत माती झाली होती. डब्याचा कागदही बहुतेक गेला होता, पण त्याचे आतले अस्तर चाळणीवर उरले. ओलसर, पातळ पापुद्रा. दोन्ही हातांनी ताणला तर लांबत जातो, पटकन तुटत नाही. झाकणाच्या तुकड्यांना तर काहीही झालेले नव्हते. त्यातला एक नळाखाली धरला. माती वाहून गेली आणि ‘कंपोस्टेबल’ हा शब्द लख्ख वाचता आला.

पापुद्र्याचे मोठे तुकडे मी हाताने वेचले, त्यात दुपार गेली. बारीक तुकडे वेचता येत नाहीत. ते खत आता कुंड्यांत घालायचे की फेकून द्यायचे, हे मला कळत नाही, आणि याचा मला मनापासून राग आला आहे.

आपल्या ग्राहक सेवेला फोटोंसह ईमेल केला. उत्तर आले की ‘आमचे सर्व पॅकेजिंग पर्यावरणपूरक आहे’, आणि सोबत पुढच्या ऑर्डरसाठी सवलतीचे कूपन. ते कूपन मी वापरलेले नाही आणि वापरणारही नाही. मला सवलत नको, माहिती हवी आहे.

जे मी स्वतः वाचून समजून घेतले ते मांडते, चुकत असेन तर सांगा. असे पारदर्शक झाकण बहुधा पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचे असते. ते मका किंवा उसाच्या साखरेपासून बनते, पण वनस्पतीपासून बनले म्हणून वनस्पतीसारखे कुजते असे नाही. साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास ते मऊ पडते, त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या पाण्याने झपाट्याने तुटू लागतात आणि मगच सूक्ष्मजीवांना ते खाता येते. आपले झाकण वाफाळत्या जेवणावर वाकडे होते, तेही याच कारणाने. घरच्या छोट्या पिंपात एवढी उष्णता आठवडेच्या आठवडे टिकत नाही. ती टिकते मोठ्या औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकात अशा वस्तूंची कसोटी त्याच परिस्थितीत, सुमारे ५८ अंशांना लावतात: १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त उरता कामा नये आणि ६ महिन्यांत ९० टक्के जैवविघटन झाले पाहिजे. आपले झाकण या कसोटीला उतरलेले असेलही. मग ‘फक्त औद्योगिक कंपोस्टसाठी, घरच्या खतात टाकू नये’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती?

अस्तराची शंका याहून गंभीर आहे. पीएलए ठिसूळ असते, आणि हा पापुद्रा ताणला जातो. कागदी कपांना आतून पॉलिथिलीनचा, म्हणजे न कुजणाऱ्या साध्या प्लास्टिकचा, जो थर देतात तोच इथे असेल, तर ‘१०० टक्के’ हा शब्दच खोटा ठरतो.

कंपोस्टमध्ये चालत नाही म्हणून झाकण सुक्या कचऱ्यात टाकावे, तर तिथेही अडचण. दिसायला ते पेटच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या पारदर्शक प्लास्टिकच्या, बाटलीसारखेच. ते पेटमध्ये मिसळले तर पेट वितळवण्याच्या उष्णतेत खराब होते आणि सगळा माल बिघडवते. कचरा निवडणाऱ्या माणसाने नुसत्या नजरेने हे कसे ओळखायचे? आपल्या झाकणावर प्लास्टिकचा प्रकार सांगणारा त्रिकोणातला आकडासुद्धा नाही.

आणखी एक. उसाच्या चिपाडाच्या लगद्याची ताटलीही आपण देता. तेल झिरपू नये म्हणून अशा भांड्यांत पीएफएएस नावाची रसायने वापरली जात आली आहेत. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात. डेन्मार्कने २०२० पासून अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांच्या वापरावर बंदी घातली आहे. आपल्या ताटलीत ती आहेत की नाहीत, याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मला हवे आहे.

वेष्टनाचे पहिले काम अन्न सुरक्षित ठेवणे हे आहे, हे मला मान्य आहे. वाया गेलेल्या अन्नाचा भारही निसर्गावरच पडतो. तेव्हा डबा पातळ करा, कमकुवत करा असे माझे म्हणणे नाही. उलट धुऊन परत घेता येईल असा मजबूत डबा आपण दिलात, तर तो साध्या प्लास्टिकचा असला तरी मी आनंदाने परत करीन. ‘पृथ्वीस्नेही’सारखा मोघम शब्द मात्र काढून टाका. पर्यावरणविषयक दाव्यांच्या आयएसओ १४०२१ या आंतरराष्ट्रीय मानकातही असे मोघम दावे करू नयेत असेच म्हटले आहे.

डबा, अस्तर, झाकण आणि ताटली नेमकी कशाची आहेत, कोणत्या मानकाचे प्रमाणपत्र आपल्याकडे आहे, आणि माझ्यासारख्या घरी खत करणाऱ्यांना आपण कधी व कसे कळवणार आहात, हे मला १५ दिवसांत लेखी कळवावे. तोपर्यंत माझ्या पुढच्या सर्व ऑर्डर थांबवाव्यात. जेवणासोबत येणारे चमचे नकोत असे दर वेळी नोंदवूनही येतात, तेही या निमित्ताने पाहावे.

कळावे,

आपली,
एक ग्राहक

सोबत: चाळणीवर उरलेल्या अस्तराचा एक तुकडा, झाकणाचा अक्षरे असलेला एक तुकडा, चार फोटो, आपल्या ईमेलची प्रत आणि न वापरलेले कूपन.