ग्रंथपाल सरांना, ‘मार्टिन ईडन’बद्दल

आदरणीय सर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. इचलकरंजीचा, मागावरचा पोरगा म्हटलं की ओळखालच.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका वाचनालयात अमेरिकन लेखक जॅक लंडनचं ‘मार्टिन ईडन’ मागितलं होतं, लेखक व्हायला धडपडणाऱ्या एका गरीब खलाशाची कादंबरी. काउंटरवरच्या माणसानं माझ्या शर्टाला चिकटलेला कापूस बघितला आणि म्हणाला, “इंग्रजी आहे, तुला झेपायचं नाही. रहस्यकथा तिकडं आहेत.” ते अजून सलतं.

तुम्ही पुस्तक दिलंत. पण खरी गोष्ट पुढची. परत करायला आलो तेव्हा मागे रांग असताना तुम्ही पेन खाली ठेवलंत, समोरची खुर्ची दाखवलीत आणि विचारलंत, “काय वाटलं?” रात्रपाळी करून आलेलो, अडखळत बोलत होतो. तुम्ही एकदाही मधे तोडलं नाहीत. पुस्तकाबद्दल माझं मत तोवर कुणी विचारलंच नव्हतं, सर.

मी कादंबरीतल्या मारियाबद्दलच, मार्टिनच्या घरमालकिणीबद्दलच, बोलत सुटलो होतो. धुणी धुऊन पोरं वाढवणारी ती पोर्तुगीज विधवा, घरात पुरेसं नसतानाही उपाशी भाडेकरूला सूप नेऊन देते. मार्टिनचं जिच्यावर प्रेम असतं त्या रूथच्या घरचे शिकलेसवरलेले लोक त्याच मार्टिनला नोकरी बघायला सांगतात आणि नाव झाल्यावर जेवायला बोलावतात. लिखाण तर तेच, उपाशीपोटी केव्हाच लिहून झालेलं! अशी माणसं मीही बघितलीत. म्हणून तुमच्यासारखा माणूस भेटला की जीव भरून येतो.

नंतर कळलं, अमेरिकेतल्या ओकलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात ईना कूलब्रिथ नावाच्या ग्रंथपाल होत्या. लहानग्या जॅकनं पेरू देश जिंकणाऱ्या पिझारो या स्पॅनिश सरदारावरचं पुस्तक निवडलं, तेव्हा त्यांनी त्याचं कौतुक केलं. 1906 मध्ये, मोठा लेखक झाल्यावर, त्यानं पत्र लिहून त्या कौतुकाची आठवण त्यांना कळवली. कादंबरी आली 1909 मध्ये, म्हणजे आभार आधी मानले! मग मीही लिहायला बसलो.

माझी कथा यंदा एका दिवाळी अंकात आलीय, अंक टपालानं पाठवतोय.

एक मात्र अजून पटलेलं नाही. शेवटी मार्टिननं जहाजाच्या खिडकीतून समुद्रात उतरून जीव देणं तुम्हाला अटळ वाटतं. मारियाला दुधाचा गोठा घेऊन देणारा, तिच्या पोरांना बूट आणणारा माणूस असा का जावा? एखाद्या रविवारी घरी येतो, यावर नीट बोलायचंय.

तुमचा,
मागावरचा वाचक