ला अराडाचा ऊस

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की, मध्य अमेरिकेतल्या ला अराडाच्या लढाईत ग्वाटेमालाच्या निम्म्या फौजेने दुप्पट फौजेला हरवलं कसं? ते नीट सांगायचं तर जागा समजायला हवी, म्हणून हे पत्र.

२८ जानेवारी १८५१ रोजी एल साल्वादोरचे अध्यक्ष दोरोतेओ वास्कोन्सेलोस यांनी ग्वाटेमालाला खलिता धाडला: तुमच्या अध्यक्षांनी पायउतार व्हावं आणि तुमचा सेनापती राफाएल कारेरा याला देशाबाहेर काढावं. होंडुरास त्यांच्या बाजूला होता. दोघांची मिळून फौज चार हजारांच्या आसपास, कारेराकडे जेमतेम दोन हजार.

कारेराने माघारीचं सोंग केलं आणि दोस्त फौजेला ग्वाटेमालातल्या चिकिमुला शहराजवळ, स्वतः हेरलेल्या जागेकडे ओढत नेलं. चित्र डोळ्यांपुढे आणा. खाली सान होसे नदी, तिच्यापुढे माळ, माळाच्या कडांना उसाची शेतं, वर ला अराडाच्या टेकडीचा चढ आणि त्या चढावर कारेराच्या तोफा. म्हणजे हल्ला करणाऱ्याने नदी ओलांडायची, उघडा माळ पार करायचा आणि मग तोफांच्या तोंडी चढ चढायचा. माझ्या मते वास्कोन्सेलोस लढाई इथेच हरले. नदी पाठीशी घेऊन चढावर जाताना परतीची वाट आधी राखावी लागते, ती त्यांनी राखली नाही.

२ फेब्रुवारीला सकाळी हल्ला सुरू झाला. दोस्त फौज पुन्हा पुन्हा चढून आली, हातघाईही झाली. ते पुरते गुंतले तेव्हा कारेराच्या माणसांनी ऊस पेटवला. आई, फेब्रुवारी म्हणजे तिथला कोरडा हंगाम. वाळलेलं पाचट एकदा धरलं की कसं धडाडतं, हे तुम्हाला मी काय सांगू! धुरात शेजारचा दिसत नाही, रांग टिकत नाही. समोर गोळीबार, दोन्ही बाजूंना आग, मागे नदी. आधी मधली तुकडी घाबरून मोडली, तिच्यामागे सगळी फौज पळाली. कारेराचे पिछाडीचे ५०० जण अजून ताजे होते, त्यांनी पळणाऱ्यांना सरहद्दीकडे पिटाळलं.

दोस्तांचे ५२८ मेले, २०० कैद झाले. ग्वाटेमालाचे ५० मेले, ४२ जखमी झाले. रणात १,००० बंदुका, ७ तोफा आणि ११ ढोल टाकलेले सापडले. ढोलांपाशी मी दर वेळी थांबते. ढोल वाजायचा तो रांग धरायला, आणि रांग मोडल्यावर सैनिकाने तोच आधी फेकला असणार.

एल साल्वादोरशी तह व्हायला १८५३ उजाडलं, होंडुरासशी १८५६.

तुमची,
लेक