ज्याचे पोळले आहे, त्याने लिहावे का?

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याची मला मनापासून लाज वाटते. प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे. ज्या पतसंस्थेत अण्णांची पुंजी अडकली, तिच्या कर्जखात्यांच्या नकला परवा एका माणसाने माझ्या हाती दिल्या आणि लेखमाला मीच लिहावी, असे संपादकांनी सांगितले. अण्णांना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "नको रे, ते तुमचे वर्तमानपत्र बुडवतील."

ते ऐकताच मला अमेरिकन पत्रकार आयडा टार्बेल आठवली, आणि तिच्यावरून झालेले आपले भांडणही. त्या रात्री चहावाल्याने कंटाळून दुकानाची किल्लीच तुझ्या हाती ठेवली होती. फिर्यादीने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये, असे तुझे म्हणणे होते.

ती फिर्यादी होतीच. तिचे वडील पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यात तेलाच्या लाकडी टाक्या बांधीत. १८७२ साली स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचा मालक रॉकफेलर आणि त्याच्या सहकारी कारखानदारांनी रेल्वे कंपन्यांशी गुप्त करार केला: स्वतःच्या तेलाच्या भाड्यात सूट घ्यायचीच, शिवाय प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातूनही वाटा मिळवायचा. तेलवाल्यांच्या उठावामुळे तो करार बारगळला, पण त्याच सुमारास क्लीव्हलँडमधले बहुतेक प्रतिस्पर्धी कारखाने रॉकफेलरच्या ताब्यात गेले. चौदा वर्षांच्या आयडाने त्या काळातली घरातली घालमेल पाहिली. पुढे तिने स्टँडर्ड ऑइलवर लिहायचे ठरवले तेव्हा वडिलांनी तिला अडवले. कंपनीवाले तिचे मासिक बुडवतील, हीच भीती त्यांनाही होती.

तिने लिहिले. नोव्हेंबर १९०२ पासून सुमारे दोन वर्षे ‘मॅक्लूर्स’ मासिकात तिची लेखमाला चालली. न्यायालयांची दप्तरे आणि चौकशी समित्यांपुढील साक्षी तिने धुंडाळल्या. कंपनीचे एक बडे अधिकारी हेन्री रॉजर्स यांना भेटून त्यांची बाजूही वारंवार ऐकली. कंपनीच्या कार्यक्षमतेचे श्रेय तिने मोकळेपणाने दिले. कंपनीत जाळण्यासाठी काढलेल्या कागदांवर तिथल्या एका पोऱ्याला आपल्या ओळखीच्या तेलव्यापाऱ्याचे नाव दिसले आणि ते कागद अखेर टार्बेलपर्यंत पोहोचले, ही हकिकत मी तुला किती वेळा सांगितली असेल! प्रतिस्पर्ध्यांच्या मालाची खबर रेल्वेकडून कंपनीला पोहोचत होती, हे त्या कागदांवरून दिसले.

तिच्या एकटीच्या लेखणीने साम्राज्य कोसळले, असे मी पूर्वी तावातावाने म्हणत असे. ते चूक होते. मक्तेदारीविरुद्धचा कायदा १८९० पासून होता आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी त्याहून जुन्या होत्या. पण विखुरलेल्या साक्षी तिने सामान्य वाचकाला समजतील अशा सलग मांडल्या, त्यातून लोकमत तापले आणि सरकारला पाऊल उचलणे सोपे झाले. १९०६ साली रेल्वेच्या दरांवर सरकारी आयोगाचा अंकुश आला, त्याच वर्षी कंपनीवर खटला भरला गेला आणि १९११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिचे ३४ कंपन्यांत विभाजन झाले. त्यानंतर रॉकफेलरची संपत्ती उलट वाढली, हेही तितकेच खरे.

मात्र एका बाबतीत तू बरोबर होतास. १९०५ साली, वडील वारले त्याच वर्षी, तिने रॉकफेलरचे जे व्यक्तिचित्र लिहिले, त्यात त्याच्या चेहऱ्यावर आणि देहावरही कठोर शेरे आहेत. तिथे कागदपत्रे मागे पडून जखम बोलू लागते. मला झोप लागू देत नाही ते हेच. रोज संध्याकाळी रिकामे पासबुक उघडून बसणारे अण्णा माझ्या डोळ्यांसमोर असताना, पतसंस्थेच्या अध्यक्षाविषयी लिहिताना माझा हात सुटणार नाही, याची खात्री मला कोण देणार? आणि मी बाजूला झालो, तर त्या नकला चिकाटीने तपासणारा दुसरा कोणी आमच्याकडे नाही.

नंदिनीचे नव्या नोकरीत बस्तान बसले का? वहिनींच्या गुडघ्याचे काय झाले, तेही कळव.

मी लिहायचे ठरवले आहे. पहिल्या लेखाचा खर्डा सोमवारी टपालात टाकतो. तुझी लाल पेन्सिल घेऊन बस आणि ज्या वाक्यामागे कागद नाही, केवळ अण्णा आहेत, ते मला न विचारता खोडून टाक.

तुझा,
विनायक